भट्टीचा गॅस

चढा भाव मिळाला म्हणून गॅसचं जहाज भर समुद्रातून दुसऱ्याच देशाकडे वळलं. शहराला पाइपने गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षात त्याच्यासमोर दाबाचा काटा उतरत होता. नियम ठरलेला: टंचाईत आधी कारखाने बंद, घरं शेवटी.

फोनवर त्याचा धाकटा भाऊ होता, काचेच्या कारखान्यात भट्टी सांभाळणारा. "दादा, थोडं थांब. भट्टी विझली तर काच आतच थिजेल. भट्टी गेली की कारखाना गेला, आम्हीही गेलो."

"माझ्या हातात नाही रे," म्हणत त्याने हातातलं बटण दाबलं.

संध्याकाळी तो घरी आला, तर धाकटा स्वयंपाकघरात बसलेला. बायको चहा टाकत होती. "आज गॅस कसा छान मोठा येतोय, नाही भावजी?"

"येणारच, वहिनी," धाकटा ज्योतीकडे बघत म्हणाला. "आमच्या भट्टीचा आहे."