पौर्णिमेच्या पाच रात्री

गॅमा किरणांच्या दुर्बिणीचा कॅमेरा इतका नाजूक, की पौर्णिमेच्या आसपासच्या पाच रात्री दुर्बीण बंद ठेवून सगळे घरी जायचे. विजेचा दाब कमी केला तर चांदण्यातही काम होईल, असं कुणी सुचवलं की कॅमेरा सांभाळणारे तात्या नन्नाचा पाढा लावायचे. "कॅमेरा जळेल. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." बारा वर्षं त्यांनी ही खिंड एकट्याने लढवली. कॅमेऱ्याचा स्क्रू न् स्क्रू त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांच्यापुढे बोलणार कोण?

आज दुपारी पाळ्या ठरवायला सगळे जमले, तेव्हा तात्या आपणहून म्हणाले, "या पौर्णिमेला दुर्बीण चालू ठेवू. पाचही रात्री मी बसतो."

विभागप्रमुख मॅडम चाटच पडल्या. "आणि कॅमेरा?"

"दाब कमी ठेवला की काही होत नाही त्याला."

"अहो तात्या, बारा वर्षं तर जळेल म्हणत होतात!"

तात्या तक्त्यावर एकाखाली एक पाच वेळा स्वतःचं नाव लिहीत राहिले. मॅडमना एकदम आठवलं. दोन महिन्यांपूर्वी तात्यांची बायको वारली, तेव्हा ती नोकरी करायची त्या हॉस्पिटलातल्या नर्स सांगत होत्या, "बाई कुणाच्याही बदली रात्रपाळी करायच्या. फक्त पौर्णिमेच्या पाच रात्री घरीच असायच्या."

पाचवं नाव लिहून तात्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तेव्हाही जळला नसता, मॅडम."