चहा निवायच्या आत

मुद्देमालाच्या खोलीचं दार धाडकन लागलं आणि महिला शिपाई आत अडकली. नेमके त्याच वेळी नवे पोलीसप्रमुख बाहेर उभे राहून तीन वार्ताहरांना सांगत होते, "आमच्या ठाण्यात सुई ठेवा, ती जागची हलणार नाही."

आता सुईच काय, अख्खी शिपाई जागची हलणार नव्हती. जप्त केलेला माल ठेवायची ती खोली. दार पोलादी, कुलूप आपोआप लागणारं. चावी तिच्याच हातात होती, पण दाराला आतून भोकच नव्हतं. दुसरी चावी हरवू नये म्हणून साहेबांच्याच हुकमाने ती त्याच खोलीत ठेवलेली. वर हवेसाठी बारीक जाळी होती. तिच्यातून आवाज यायचा, चावी यायची नाही. अग्निशामक दल शहराच्या दुसऱ्या टोकाला आग विझवण्यात गुंतलं होतं.

"मग चावीवाल्याला बोलवा की," एक वार्ताहर अगदी भोळा चेहरा करून म्हणाला. बाकीचे दोघे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

साहेबांना घाम फुटला. काही वर्षांपूर्वी एका सराफाची तिजोरी रात्रीत रिकामी झाली होती. तिला याच बनावटीचं कुलूप होतं आणि ते न फोडता उघडलेलं होतं. साहेबांनी तपास केला, म्हणजे बाजारातल्या एकुलत्या एका चावीवाल्याला उचललं. कोर्टात शपथेवर सांगितलं, "हे कुलूप या शहरात हा एकच माणूस उघडू शकतो, आणि तेही हातातला चहा निवायच्या आत." चावीवाला तुरुंगात गेला. उघडू शकणारा आतच आहे म्हटल्यावर साहेबांनी निर्धास्तपणे ठाण्यासाठीही तेच कुलूप घेतलं.

पुढे वरच्या कोर्टाने त्याला पुराव्याअभावी सोडलं. दागिने काही मिळाले नाहीत. साहेब मात्र चढत चढत प्रमुख झाले. तेव्हापासून निम्मं शहर चावीवाल्याकडे संशयाने बघायचं आणि उरलेलं निम्मं साहेबांकडे. घरात चोरी झाली की लोक शेजाऱ्यांना सांगत, पाहुण्यांना सांगत, पोलिसांना सांगायचं तेवढं विसरत.

आणि आत अडकलेली शिपाई होती त्याच चावीवाल्याची मुलगी. बाप सुटून आल्यावर ती पोलिसात भरती झाली, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती.

बोलवू नका म्हणावं, तर आपलीच साक्ष खोटी पडते. साहेब म्हणाले, "बोलवा."

चावीवाला एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, असा धावत आला. "बाळा, आहेस ना गं?"

"आहे, बाबा. सावकाश करा तुम्ही." तिचा आवाज शांत होता. लहानपणी तिला दमा होता, हे बाप मात्र समोर येईल त्याला सांगत सुटला.

"तुम्ही बघा जरा," साहेब म्हणाले. चौकशीच्या दिवसांत त्याच्याशी ते अरे-तुरेच बोलत. 'तुम्ही' आज पहिल्यांदा.

त्याने तारा घातल्या, आकडे घातले, दाराला कान लावला. कोणीतरी त्याच्यासाठी चहा आणून ठेवला. तो निवला, त्यावर साय धरली. दुसरा आणला, तोही निवला. वार्ताहरांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग पेल्यांकडे, मग साहेबांकडे. चावीवाल्याची बोटं सोलवटून निघाली. शेवटी तो दाराला डोकं टेकून रडायला लागला.

"नाही येत हो मला, साहेब! हे कुलूप मला कधीच उघडता आलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा, पाया पडतो तुमच्या."

साहेबांनी आजवर पुष्कळ रडणं पाहिलं होतं, त्यातलं बरंचसं खोटं. पण पोटची पोर आत कोंडलेली असताना कोणी नाटक करत नाही, हे कळायला पोलीस असावं लागत नाही. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

अग्निशामक दलाने येऊन बिजागऱ्या कापल्या. मुलगी बाहेर आली. बाप तिला घट्ट धरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "नाही जमलं गं मला, नाही जमलं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"साहेब, मग सराफाची तिजोरी उघडली कोणी?" भोळ्या चेहऱ्याच्या वार्ताहराने विचारलं.

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "ठाऊक नाही. यांनी नाही, एवढं लिहा. चूक माझी होती, तेही लिहा. तो तपास मी नव्याने सुरू करतोय."

इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं वार्ताहरांनी पहिल्यांदाच जसंच्या तसं उतरवून घेतलं.

सगळे पांगले. चावीवाला बाकावर बसून तिसरा चहा पीत होता, या वेळी गरम. साहेबांनी मुलीला बाजूला बोलावलं.

"इतकी हुशार तू, आणि आत अडकलीस कशी?"

"अडकले नाही, साहेब. दार मीच ओढून घेतलं."

ओरडावं की हसावं, हे साहेबांना सुचेना. "अगं, आणि त्यांनी ते उघडलं असतं तर?"

मुलीने बाकावरच्या बापाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तर तुमच्या तपासावर माझाही विश्वास बसला असता, साहेब."