अण्णांची सही

"नाही म्हणजे नाही," म्हणत अण्णांनी कागद टेबलावरून परत सरकवला.

सोलरचे बारा पॅनेल छतावर चढून चार दिवस झाले होते. अण्णा लेकीकडे गेलेत ही संधी साधून मुलानं काम उरकून घेतलं होतं. पण घराचं वीज कनेक्शन अण्णांच्या नावावर. त्यांच्या सहीशिवाय वीज कंपनीची मंजुरी मिळणार नव्हती, आणि मंजुरीशिवाय ते पॅनेल म्हणजे पाखरांना बसायची सोय. खालच्या खोलीत सूनबाईच्या शिवणाच्या पाच मशीन दिवसभर चालत. ऊन छतावर फुकट सांडतंय आणि आपण कुठल्या तरी कोळशाच्या धुरावर फ्रॉक शिवतोय, हे तिच्या मनाला फार लागे. सगळं अडलं होतं ते एका सहीपाशी.

अण्णा लाइनमन होते. चौतीस वर्षं खांबावर चढले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी टेस्टर अजून शर्टाच्या खिशातच.

"जन्मभर विजेशी खेळलात, आणि आता घरच्या विजेला घाबरता?" मुलगा म्हणाला.

कारण विचारलं की अण्णा तोंडाला कुलूप लावत. मग घरातल्यांनी आपणच कारण ठरवून टाकलं होतं: म्हातारपण, दुसरं काय!

सोलर बसवणारा तंत्रज्ञ बिचारा तिसऱ्यांदा आला होता. "चाचणीपुरतं चालवून दाखवतो," असं म्हणून त्यानं भिंतीवरच्या यंत्राचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. सूनबाईनं पाचही मशीन सुरू केल्या. नातीनं घरातला एकूण एक दिवा आणि पंखा लावला. "आजोबा, हे सगळं उन्हावर चाललंय!" ती नाचत म्हणाली.

आणि तेवढ्यात सगळं बंद पडलं.

वीज गेली होती. साऱ्या गल्लीची गेली होती. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि घरात पंखे थांबत चालले होते. यंत्रावरचा हिरवा दिवाही विझला होता.

"वीज गेली ते समजलं. पण सोलरला काय झालं?" मुलानं विचारलं.

तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. "याला बॅटरी नाही ना साहेब. बाहेरची लाइन गेली की हे यंत्र आपोआप बंद होतं. सांगायचं राहूनच गेलं."

"राहून गेलं? ऐन उन्हात बंद पडणारं सोलर! उतरवून न्या सगळं!" मुलगा भडकला. सूनबाई अर्धवट शिवलेली बाही हातात धरून तशीच उभी राहिली.

अण्णा मात्र खुर्चीतून उठले. "म्हणजे आपल्या घरातली वीज बाहेरच्या तारेत जात नाही?"

"लाइन बंद असताना? अजिबात नाही."

नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांतले अण्णा नव्हते. ते मीटरपाशी गेले. बाहेरून येणाऱ्या तारेला त्यांनी टेस्टर लावला. पुसून पुन्हा लावला. टेस्टर पेटला नाही. मग ते खिडकीशी गेले. कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लावलेली होती आणि वर कमरेला पट्टा बांधून एक तरुण लाइनमन काम करत होता. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग टेबलाशी आले, कागद ओढला आणि सही ठोकली.

मुलगा बघतच राहिला. "अण्णा, लाइन गेली की बंद पडतं, हीच तर यातली खोट आहे!"

"तू दोन वर्षांचा होतास," अण्णा म्हणाले. "तापानं फणफणलेला. दिवसभर वीज नव्हती. तुझ्या आईनं तुला पंखा मिळावा म्हणून कुणाकडून तरी जनरेटर आणवला. ज्यानं जोडून दिला त्यानं मेन स्विच बंदच केला नाही. वीज आपल्या घरातून उलटी तारेत गेली. मागच्या गल्लीत माझा जोडीदार खांबावर होता."

त्यांनी टेस्टर परत खिशात खोचला. "तुझ्या आईला मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. तुला तरी काय सांगणार होतो?"

मुलगा एवढा बाप्या माणूस, पण अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसला. त्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. सूनबाईनं बाही अलगद बाजूला ठेवली. तंत्रज्ञ कपाळावरचा घामही पुसायचा विसरला होता. पुढची वीस मिनिटं त्या घरात वीज कधी येणार हे कोणी विचारलं नाही.

मग पंखा फिरू लागला. थोड्या वेळानं यंत्राचा हिरवा दिवा लागला.

"आली, आली!" नात टाळ्या पिटत ओरडली.

"उतरला गं," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "पोरगा सुखरूप खाली उतरला."