अंधारातली बातमी

फोन ठेवला आणि मी तळघरातल्या भट्टीकडे धावले. आमच्या संस्थेच्या बेकरीत काम करणाऱ्या कुणालाच ऐकू येत नाही. सगळ्यांचं लक्ष हवं असेल तर दिव्याची उघडझाप करायची. आनंदाच्या भरात मी ती इतकी केली, की फ्यूजच उडाला.

भट्टीचं दारही बंद, मिट्ट काळोख. आता खुणा दिसणार कशा? बातमी बरी की वाईट, कुणाला कळेना.

चाचपडत मी जवळच कणीक मळणाऱ्या हेमांगीचे पिठाळलेले हात धरले, माझ्या हातांवर ठेवले आणि खुणा केल्या, ‘मिरजेत दुसरी बेकरी! जागा नाही म्हणून परत पाठवलेल्या सगळ्यांना काम! आणि तिथली मुख्य तू!’

ती किंचाळली. बातमी हातोहात पसरली. कुणी नाचलं, कुणी परातीत बसलं, एकाने तर तीच बातमी मलाच सांगितली.

फ्यूज बसवला तेव्हा सगळे पिठाने भुतासारखे पांढरे. मिठ्या काही थांबेनात.

तेवढ्यात दिवा पुन्हा उघडझाप करू लागला. बटणापाशी हेमांगी उभी होती, ताठ. सगळे तिच्याकडे वळले. तिने हात उंचावून खुणावलं, ‘नाचताय काय? पाव करपतायत!’