खालचा थर

दाबाचा काटा चढायला लागला, तशी शरणम्मा अंगणाच्या कडेला सरकली. कोरड्या बोअरमध्ये टँकरभर पाणी जोरानं दाबायचं, म्हणजे खालचा दगड चिरतो आणि कुठंतरी अडकलेलं पाणी वाट काढत येतं, असं बोअरच्या गाडीवरच्या लखननं सांगितलं होतं. पाणी लागावं म्हणून आधी पाणीच ओतायचं, हे तिच्या सासूला, उमाबाईंना, काही पटलेलं नव्हतं.

"चीर जाते किती लांब रे?" शरणम्मानं लखनला विचारलं.

"ते न्हाई सांगता येत, मावशी. वर काळा दगड, मधी तांबड्या मातीचा पट्टा, परत काळा. सरळ चालली तर चालली. तांबड्यात घुसली की आडवी पळते, जिकडं कच्चं लागंल तिकडं."

"घराकडं?"

"दोनशे फूट खाली हाय ते. घराला काय होत न्हाई." लखन लांबच्या किनवटचा, भूकंप न पाहिलेला. त्याला हसू येत होतं.

घरात उमाबाई. खुब्यात सळई घातल्यापासून नुसतं उचललं तरी कळवळत, आणि पलंग काही दारातून निघत नव्हता. सकाळीच त्यांनी सुनेला झापलं होतं, "भूकंपानं न्हेलं न्हाई मला, ही मोटार काय न्हेती?"

काटा थरथरला आणि धाडकन खाली आला. पायाखालून एक हुंकार गेला. भरलेली कणगी कुणी फरफटत न्यावी तसा. घरावरचे पत्रे वाजले.

भानावर आली तेव्हा शरणम्मा शाळेपुढच्या मैदानात उभी होती, आणि अख्खी गल्ली तिच्याभोवती. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हाताला पीठ. शेषेराव गुरुजी अर्धी दाढी करून आलेले. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. किल्लारीपासून हाकेवरच्या या गावात जमीन बोलली की पाय आधी ऐकतात.

"एवढी माणसं मतदानाला बी निघत न्हाईत!" लखन लांबून ओरडला. "या की परत! दगड फुटला, दुसरं काय न्हाई!"

माणसं हसली. शरणम्माच्या पायात चप्पल नव्हती, आणि बरोबर सासू नव्हती.

ती धावत आली आणि उंबऱ्याशी थिजली. आत पाऊल पडेना.

"पळालीस व्हय?" आतून आवाज आला.

"हाव, आत्याबाई."

"बरं केलंस." मग हळूच, "माझे पाय बी हालले ग. पळायला."

अंगणात लखन पाईप खाली सोडत होता. "वरच्या थराला नुसता ओलावा हाय, मावशी. आता खालचा फोडतो. ह्याच्याहून जोरात हादरा बसंल. लांब सरका."

शरणम्मा आत गेली. पलंगाला टेकून जमिनीवर बसली.

"काय करायलीस? जा भाईर!" उमाबाईंचा आवाज चिरकला.

तिनं पदराचं टोक पलंगाच्या लोखंडी पायाला गुंडाळलं. गाठ मारली. वर आणखी एक मारली. उठल्यासारखं करून हिसका देऊन पाहिला.

मग दाराकडं तोंड करून ओरडली, "चालू कर रे, लखन!"