कुणी उपाशी आहे का?

“आणखी थोडा भात वाढ, वेदश्री,” काका म्हणाले. तिला इतकं बरं वाटलं की तिनं वर तूपही जास्तच सोडलं.

एवढं खाऊन माणूस वाळतो कसा, हे केलगेरीत कुणालाच कळत नव्हतं. दोन महिन्यांत मुकुंदकाकांच्या बरगड्या दिसायला लागल्या. शहरात देशपांडे नगरच्या डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी वेदश्रीकडे बघून, घरात जेवणाची आबाळ होते का, असं विचारलं. परतताना ती वाटेतलं रायापूर येईपर्यंत बसमध्ये रडत होती.

शेजारच्या कृष्णाबाईंनी तर आडपडदाच ठेवला नाही. “सख्खा सासरा नव्हे, नवऱ्याचा काका. कोण कशाला बघतंय?”

“अक्का, माझ्या हातानं वाढते हो,” वेदश्री म्हणाली.

वेदश्रीचा नवरा श्रीहर्ष आईबापाविना वाढला तो याच काकांच्या मांडीवर. त्याच्या घरात काका उपाशी मरतात, असं गावानं म्हणावं, याहून वाईट काय असणार?

काका इतिहासाचे प्राध्यापक होते. हल्ली सगळा इतिहास विसरून गेले होते, एका माणसाचा सोडून. स्कॉटलंडच्या राजाचा थोरला मुलगा डेव्हिड, रॉथसेचा ड्यूक. सहाशे वर्षांपूर्वी सख्ख्या काकानं त्याला किल्ल्यात कोंडलं आणि तो तिथेच मेला. उपासमारीनं मेला, असं लोक बोलत. कुणी बाई भिंतीच्या फटीतून त्याला खायला द्यायची, अशी दंतकथाही होती. “काका असून असं वागला,” म्हणत काका डोळे पुसायचे.

जेवणाची जुनी रीत मात्र ते विसरले नव्हते. आपल्या खोलीत पानावर बसण्याआधी दाराशी उभं राहून विचारायचं, “कुणी उपाशी आहे का?” कुणी असेल तर आधी त्याला वाढायचं. ओ आली नाही की दार लावून मौनानं जेवायचं. मौन मोडू नये म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. ताट बाहेर यायचं ते लख्ख.

त्या खोलीत जुना नळ काढल्यावर मागच्या भिंतीला मुठीएवढं भोक राहिलं होतं. श्रीहर्ष ते बुजवायला निघाला, तर काका हटून बसले. हवा येते म्हणाले.

रविवारी काकांचं ताट ठेवून वेदश्री दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेली. एक टॉवेल उडून घरामागच्या बोळात पडला होता. ती बोळात शिरली तसे चार कावळे उडाले. आतून काकांचा रोजचा प्रश्न ऐकू आला. मग दार लागलं.

ती टॉवेल उचलायला वाकली, तेवढ्यात त्या भोकातून काकांची बोटं बाहेर आली. बोटांत तूपभाताचा घास होता.

“हळू खा, डेव्हिड. तुझं पोट भरलं की मग मी बसतो. उद्या वेदश्रीला आणखी भात वाढायला सांगतो.”