आज सुखरूप

कुलूपवाल्याने दार उघडलं आणि आश्लेषाने नाकाला ओढणी लावली. मावशी आरामखुर्चीतच गेली होती, बऱ्याच दिवसांपूर्वी. शेजारी चार्जरला लावलेल्या टॅबवर मात्र तिच्या नावापुढे हिरवी अक्षरं होती: ‘आज सुखरूप’.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठीची ती वेबसाइट आश्लेषानेच जावा या संगणकाच्या भाषेत बांधली होती. रोज सकाळी पासवर्ड टाकून आत आलं, की माणूस सुखरूप धरला जाई. "रोज रोज कसला गं पासवर्ड?" मावशी कुरकुरली, म्हणून तिने सगळ्यांसाठीच लॉगिनचं टोकन, म्हणजे आत आल्याची खूण, रोज आपोआप नवं होईल अशी सोय केली. टॅब सुरू असला की पुरे. मावशी फोन उचलेना, तरी साइटवर ती सुखरूप दिसत होती. आश्लेषा निर्धास्त राहिली.

त्याच संध्याकाळी तिने ती सोय काढून टाकली. सगळ्यांची जुनी लॉगिन रद्द केली.

सकाळी साइटवरच्या ज्येष्ठांचे फोनवर फोन आले. "अगं, पुन्हा पासवर्ड का मागतंय हे?" "माझा चष्मा सापडत नाहीये, आणि तुझं हे नवीन काय!" त्यांचं रागावणं ती डोळे पुसत ऐकत राहिली. इतकं गोड तिला कधीच काही वाटलं नव्हतं.

दुपार झाली, तरी त्यांच्यातल्या टिपणीसकाकांचा फोन नाही. तिने लावला, तो कुणी उचलला नाही. मग तिने त्यांच्या शेजारणीला विचारलं.

"काका? ते मुलाकडे गेलेत ना?" शेजारीण म्हणाली. "दारात पेपरांचा ढीग साठलाय."